घट धरून

१० नोव्हेंबर २०२४, रविवार, सकाळी ९ वाजून २० मिनिटे

वजनकाट्यावर सांडलेली मिरचीची बी झाडून त्याचे ताट पुसत होतो तेव्हा भाऊचा फोन आला. भाऊ म्हणजे माझा मोठा भाऊ ईश्वर. सहा वर्षांपूर्वी जळगावहून केळीच्या ट्रकवर क्लीनर म्हणून गेला, मनालीला केळी उतरवली आणि स्वतःही तिथेच उतरला. आता सोलंगला एका दुकानात काम करतो. बर्फावर घसरायचे बूट आणि फळ्या पर्यटकांना भाड्याने देण्याचे ते दुकान आहे. फळीवर उभे राहून घसरायला तो स्वतःही शिकला. त्याचा व्हिडिओ मी जीवरामशेठना दाखवला होता. दोंडाईचाच्या त्यांच्या मिरचीच्या आडतीवर मी काट्यावर वजने लिहितो. शेठ म्हणाले, "हा पडत कसा नाही?"

आज भाऊ म्हणाला, "भूषण, माझ्यासाठी एक स्प्लिटबोर्ड निवडून दे."

शब्द मी दोनदा विचारून घेतला. स्प्लि ऱ्हस्व. ही फळी उभी, मधोमध चिरलेली असते. चढताना दोन भाग वेगळे करून एकेका पायाला बांधायचे. खाली केसाळ पट्ट्या चिकटवायच्या, म्हणजे पाय मागे घसरत नाही. माथ्यावर पट्ट्या काढायच्या, दोन्ही भाग जोडून एक फळी करायची आणि घसरत उतरायचे. जिथे रस्ता नाही, तारेवरून वर नेणारा पाळणा नाही, अशा डोंगरावर ती लागते. तिथला एक वाटाड्या लोकांना अशा डोंगरांवर नेतो. १५ मार्चच्या मोहिमेत तो भाऊला घ्यायला तयार आहे. सर्वांच्या मागे चालायचे, कोणी मागे राहत नाही ना ते बघायचे. रोजचे अडीच हजार. अट एकच, फळी स्वतःची पाहिजे.

मी म्हटले, तू तिथे आहेस, तूच बघ की.

"मला चालवता येते भो, तक्ते वाचता येत नाहीत. तू पावशेर मिरचीसाठी शेतकऱ्याशी भांडतोस. तूच निवड."

हे खोटे आहे. मी भांडत नाही. पुन्हा वजन करून दाखवतो.

थोडे वाचल्यावर कळले की फळीची लांबी माणसाच्या वजनावर ठरते. उंचीवर नाही. वजन विचारले तर म्हणाला, सत्तर-बहात्तर. मी म्हटले, सत्तर-बहात्तर असे वजन नसते. त्यांच्या दुकानात गिऱ्हाइकांचे वजन करायला काटा आहे. त्यावर दर रविवारी सकाळी, उपाशीपोटी, अंगावर एकच कपडा ठेवून वजन करायचे आणि मला सांगायचे असे ठरले. "खोटे वजन दिलेस तर फळी खोटी निघेल."

"आईशपथ, खरं सांगेन," म्हणाला.

वजन ७१.०. बूट ४३ नंबर.

ही वही त्यासाठीच आणली. आम्ही घरात अहिराणी बोलतो, वहीत मी मराठीत लिहितो. आईचे बोलणे मात्र तसेच लिहीन. ते मराठीत बसत नाही.

१७ नोव्हेंबर, रविवार

वजन ७०.५. बाजारात एवढा फरक मोजत नाहीत.

आठवडाभर दुपारी जेवणाच्या सुट्टीत मोबाईलवर तक्ते उतरवून घेतले. चढताना पाठीवर सामान असते, म्हणून वजनात दहा किलो मिळवायचे. म्हणजे १६० सेंटिमीटर. पण लांब फळी झाडांमध्ये वळत नाही आणि आखूड फळी मऊ बर्फात बुडते. रुंदी बुटावर. बूट फळीबाहेर आला तर वळताना बर्फाला लागून माणूस पडतो. कडक फळी वेगाला चांगली, नरम फळी पायाला चांगली. हे सगळे एकमेकांच्या विरुद्ध जाते. काल झोपताना भीती वाटली की माझ्या चुकीने तो कुठेतरी पडेल.

हमालांचे मुकादम लोटननाना डोकावून म्हणाले, "काय रे, परीक्षा शे का?"

सांगितले. ते म्हणाले, "बर्फ म्हणजे गोळावाल्याकडे मिळतो तोच ना? त्यासाठी एवढी लांब फळी? त्याला रंधा सांग."

सगळे हसले. मीही हसलो. मी अकरावी अर्धवट सोडली, पण हे तक्ते मला कळतात.

८ डिसेंबर, रविवार

वजन ६७.०. गेल्या रविवारी ६८.५ होते.

मी चिडलो. महिन्यात चार किलो हा फरक काट्याचा आहे, असे मला वाटले. आमच्या काट्यालाही धूळ बसली की तो असे करतो. भाऊला सांगितले, न उघडलेले पंचवीस किलोचे कणकेचे पोते काट्यावर ठेव आणि आकडा सांग. त्याने शेजारच्या ढाब्यातून पोते आणले. उचलून आणताना त्याला दम लागला. फोनवर ऐकू येत होते. आकडा आला २५.०. म्हणजे काटा बरोबर आहे.

"मग?" मी विचारले.

"मग काय? काटा बरोबर आहे तर मी बरोबर आहे," तो म्हणाला आणि हसता हसता खोकला.

फोन स्पीकरवर होता. आई भाकरी थापत होती. ती थांबली. नंतर म्हणाली, "तो खोकस कसा, आयकं का तू?"

मी म्हटले, तिथे बर्फ आहे, सगळेच खोकतात.

"बठ्ठा खोकतस ते खोकू दे. मना पोऱ्या असा खोके नही."

फळी आता १५८.

२२ डिसेंबर, रविवार

वजन ६४.०.

व्हिडिओवर बोल म्हटले तर नेट नाही म्हणाला. मागे एकदा दिसला होता तेव्हा जाड कोट, कानटोपी आणि काळा चष्मा. दाढी वाढवली आहे.

आज तो मोकळा बोलला. म्हणाला, रात्री घामाने बनियन भिजते, दोनदा बदलावे लागते. बाहेर शून्याच्या खाली आणि आत घाम. म्हणजे त्याला दिलेले पांघरूण चांगले दिसते. मला त्याचे समाधान वाटले. पहिल्या वर्षी तो गोणपाट घेऊन झोपत असे.

मी विचारले, जेवतोस ना नीट? तो म्हणाला, "जेवतो. तोंडाला चव नाही. आईच्या हातची कळण्याची भाकर पाहिजे." हे त्याचे नेहमीचेच आहे.

फळी १५६.

५ जानेवारी २०२५, रविवार

वजन ६१.०.

आज मला याचा उलगडा झाला.

ओली लाल मिरची आपण पथारीवर, म्हणजे उघड्या रानात पसरतो. चार क्विंटलची एक-सव्वा क्विंटल होते. मिरची कुठे चोरीला जात नाही. पाणी उडते. त्याला घट म्हणतात. आमच्या वहीत त्याचा वेगळा रकाना असतो. हवा थंड आणि कोरडी असेल तर घट जास्त. डिसेंबर-जानेवारीत सर्वात जास्त. सोलंगची हवा आपल्यापेक्षा कितीतरी थंड आणि कोरडी आहे. तिथे भाऊ दिवसभर उघड्यावर असतो.

शेठना विचारले, असे होऊ शकते का? ते गोणीला सुतळी लावत होते. म्हणाले, "माणूसही सुकतोच की थंडीत. माझे ओठ बघ."

मग जुन्या वह्या काढून घट कशी वाढत जाते ते पाहिले. त्याच रीतीने भाऊचे आकडे मांडले. आजचे वजन धरून फळी घेतली तर मार्चमध्ये ती त्याला मोठी होईल. माल घेताना शेठ पुढची घट धरूनच भाव करतात. मीही तसेच करायचे ठरवले. मार्च: ५२ किलो. सामान दहा. फळी १५१.

एक अडचण आहे. वजन कमी झाले तरी पाय तेवढाच आहे. १५१ लांबीच्या फळ्या अरुंद असतात, बाईमाणसांसाठी केलेल्या. त्यात ४३ नंबरचा बूट मावत नाही. अकरा तक्ते पाहिले. इतका मोठा पाय आणि इतके कमी वजन असलेला माणूस कोणत्याच तक्त्यात नाही.

१२ जानेवारी, रविवार

वजन ५९.०.

दिल्लीच्या एका व्यापाऱ्याकडे गेल्या हंगामातली फळी आहे. लांबी १५१, पण कमरेत रुंद. एकच नग. मऊ बर्फात बुडू नये म्हणून पुढचे टोक रुंद आणि वर उचललेले. भाऊकडे पाय अडकवायचे पट्टे आहेत, एका परदेशी गिऱ्हाइकाने जाताना दिलेले. ते या फळीला बसतात का, हे व्यापाऱ्याला तीन वेळा विचारले. तिसऱ्यांदा तो म्हणाला, "भाईसाहब, आप इंजिनियर हो क्या?" मी नाही म्हटले. काय आहे ते सांगितले नाही.

आईने संक्रांतीचे तिळाचे लाडू भाऊला पाठवायला डबा केला. वर एक भाकर सुकवून ठेवली. मी म्हटले, ही पोहोचेपर्यंत कडक होईल.

"व्हवू दे. चावी चावी खाई," ती म्हणाली.

१९ जानेवारी, रविवार

वजन ५७.०. माझ्या मांडणीप्रमाणे आज ५७.३ यायला हवे होते. इतके जवळ आले म्हणून आनंद झाला.

फळी मागवली. फळी ५८,००० आणि चढायच्या केसाळ पट्ट्या १३,५००. मोटारसायकलसाठी साठवलेले त्यात गेले. भाऊला सांगितले. तो आधी खोकला. मग म्हणाला, "किती लांबीची?"

मी म्हटले, आल्यावर बघ. आधी सांगितले तर तू चुका काढशील.

"भूषण."

"काय?"

"काही नाही. दमलोय. पुढच्या रविवारी वजन सांगतो."

२६ जानेवारी, रविवार

अक्का सुट्टीला आली. अक्का म्हणजे बहीण दिपमाला. धुळ्याला एका दवाखान्यात नर्स आहे. तिची रविवारची पाळी नेहमी असते, म्हणून दिवाळीनंतर आजच आली. फळीची किंमत ऐकून आधी ओरडली. "लग्न करायचं का फळीशी?" मग म्हणाली, दाखव तर, एवढं काय बघून निवडलीस.

मी वही दिली. मला वाटले ती शाबासकी देईल. चहा ठेवायला आत गेलो. बाहेर आलो तेव्हा तिचे बोट एका पानावर होते.

"हे वजन कुणाचं?"

"भाऊचं."

"खरं?"

"काटा तपासून घेतला आहे. कणकेच्या पोत्यावर."

"आणि हे मार्च बावन्न?"

"ती पुढची घट धरली आहे."

"घट?"

मी तिला पथारीचे समजावून सांगू लागलो. तिने मला पूर्ण बोलू दिले. चहा उतू गेला तो वास येत होता, पण दोघेही उठलो नाही. मग तिने एकेक विचारले. खोकतो का? मी म्हटले, हो. किती दिवस? मी पान काढले. ८ डिसेंबर. ताप? ते त्याने कधी सांगितले नाही. घाम? मी पान काढले. २२ डिसेंबर. तारीख, वार सगळे होते. तिने तोंडावर पदर धरला.

"तुझ्या वहीत सगळं आहे रे," ती म्हणाली.

ती ओरडली असती तर बरे झाले असते.

आजचे वजन सांगायला भाऊचा फोन आला नव्हता. अक्काने केला. दुसऱ्याच माणसाने उचलला. भाऊ दोन दिवस उठलेला नाही, म्हणाला.

३० जानेवारी, गुरुवार, सोलंग

जळगावहून दिल्लीची गाडी, तिथून बस. अक्काला रजा मिळाली नाही. मी एकटा आलो. बर्फ पहिल्यांदा पाहिला. त्याबद्दल लिहावे असे काही वाटत नाही.

भाऊ दुकानामागच्या खोलीत होता. मी दार उघडले आणि माफ करा म्हणून मागे वळलो. मला वाटले खोली चुकली.

"भो, मीच शे," आतून आवाज आला.

त्याच्या उशाशी तिळाच्या लाडवांचा डबा होता. भाकर तशीच होती, एका कडेने चावलेली.

खालच्या गावात छातीचा फोटो काढला. दोन्ही फुफ्फुसांत क्षय आहे. डॉक्टरांनी विचारले, "इतके दिवस काय करत होता?" भाऊ माझ्याकडे बघून म्हणाला, "मोहीम होती मार्चमध्ये. आजारी आहे कळलं असतं तर घेतलं नसतं." मालकालाही त्याने सांगितले नव्हते. मालक बिचारा हात जोडून उभा होता.

३ फेब्रुवारी, सोमवार, जळगाव स्टेशन

दुपारी ३ वाजून ४० मिनिटे. दोंडाईचाची गाडी यायला वेळ आहे. भाऊला बाकावर निजवले आहे, तोंडाला मास्क. लोक लांबून जातात. एका बाईने विचारले, "वडील का तुमचे?" भाऊने डोळे मिटूनच उत्तर दिले, "हो." बाई गेल्यावर म्हणाला, "बापाला नमस्कार कर की."

केळे मागितले. अर्धे खाल्ले. म्हणाला, "सहा वर्षं लोकांना सांगत होतो, केळी खायची तर आमच्या जळगावची. तिथं मिळतात ती कच्ची उतरवलेली."

अक्काचा फोन आला. दोंडाईचाला उतरू नका, नरडाण्याला उतरा, तिथून गाडी करून थेट धुळ्याला आणा. आईला ती घेऊन येते.

६ फेब्रुवारी, गुरुवार, धुळे

भाऊला सरकारी दवाखान्यात घेतले. औषधे फुकट आहेत. पहिल्या दिवशी नर्सने त्याला काट्यावर उभे केले. मी मान फिरवली. तिने आकडा मोठ्याने वाचला, म्हणून कळला. इथे लिहीत नाही.

आई आली. तिने भाऊला पाहिले आणि त्याच्या मनगटाभोवती आपली बोटे धरून पाहिली, बांगडीचे माप घेतात तशी. म्हणाली, "कितला बारीक व्हयी गया रे." मग मला म्हणाली, "तुले दर आईतवारले सांगे ना तो?"

मी हो म्हटले. 

११ फेब्रुवारी, मंगळवार

काम सोडता येत नाही म्हणून सकाळी दोंडाईचा, संध्याकाळी धुळे असे चालले आहे. शेठनी वीस हजार उचल दिली. मी मागितली नव्हती.

आज खोके आले. लांब, पांढरे. लोटननाना आणि मी गोदामात नेऊन उभे केले. नानांनी त्याला रंधा वगैरे काही म्हटले नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

भाऊला आज बरे वाटत होते. उशा लावून बसला. आईने घरून भरीत आणले होते. दोन घास खाऊन म्हणाला, "आई, मिरची कमी शे. घरात मिरचीवाला असून?" आई हसली. महिन्याभरात पहिल्यांदा.

आई बाहेर गेल्यावर त्याने विचारले, "आली का?"

"आली."

"आता तरी सांग. किती?"

"एकशे एक्कावन्न."

तो छताकडे बघत म्हणाला, "एक्कावन्नवर मी बुडेन रे."

"तुझ्या वजनाला तेवढीच लागते."

"हं. त्या वजनाला." मग म्हणाला, "रुंदी?"

"कमरेत रुंद आहे. पाय बाहेर येणार नाही."

"ते चांगलं केलंस. ते कुणाला सुचलं नसतं."

मला विचारायचे नव्हते, पण विचारले. "तू मला सांगितलं का नाहीस?"

"सांगत तर होतो. दर रविवारी."

"वजन सांगत होतास."

"मग दुसरं काय सांगणार? तुला रडून सांगितलेलं कळत नाही, भूषण. बाप गेला तेव्हाही तू सरणाची लाकडं मोजत बसला होतास. तुला आकडे कळतात. म्हणून आकडे सांगितले." दम लागला म्हणून थांबला. "तू म्हणशील ये आता घरी, असं वाटायचं. तू म्हणशील तर यायचं, असं ठरवलं होतं. मी आपणहून सोडणार नव्हतो."

मी पाण्याचा पेला धरला होता. तो म्हणाला, "तसं तोंड करू नको. तुझ्यावर ढकलतोय मी. मलाच यायचं नव्हतं."

दोन्हीपैकी खरे कोणते ते मला कळत नाही. दोन्ही त्याने एकाच आवाजात सांगितले.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

अक्काने जिन्यात थांबवून सांगितले की हा क्षय नेहमीच्या औषधांना दाद देत नाही. दुसरी औषधे सुरू केली आहेत, पण शरीरात ती सोसण्याची ताकद उरलेली नाही. दोन महिने आधी आला असता तर, असे म्हणून ती जिना उतरली. मी मनात दोन महिने मागे मोजले. २७ डिसेंबर. शुक्रवार होता.

भाऊ झोपेत हात हलवतो. डावा पुढे, उजवा मागे. आई म्हणते ताप आहे. मला व्हिडिओ आठवतो. तो तोल सावरतो आहे.

४ मार्च, मंगळवार

भाऊ सकाळी ६ वाजून १० मिनिटांनी गेला. आई जवळ होती. अक्का पाळीवर होती. मी बसमध्ये होतो, सोनगीर सोडले होते.

१९ मार्च, बुधवार

आजपासून कामावर. मिरचीचा हंगाम संपत आला आहे. काट्यावर बसलो. वजने बरोबर लिहिली. शेवटचा घटीचा रकाना आला तेव्हा शेठनी वही ओढून घेतली आणि स्वतः भरला. दुपारीही त्यांनीच भरला.  मी त्यांना ओठांच्या त्या बोलण्याची आठवण करून दिली नाही. त्यांना आठवत असावे.

लाकडे मी या वेळी मोजली नाहीत. लोटननानांनी मला सरणाजवळून बाजूला नेऊन बसवले होते. मला रडता आले नाही. आज काट्यावर एक म्हातारा शेतकरी आला. गोणी उतरवायला कोणी नव्हते. तो म्हणाला, "लेका, जरा हात लाव." गोणी उचलली आणि रडू आले. मिरची डोळ्यांत गेली असे त्याला वाटले. त्याने आपल्या टोपीने माझे डोळे पुसले, त्याने आणखी झोंबले.

३० मार्च, रविवार

सकाळी मोबाईल हातात घेऊन बसलो होतो. नऊ वाजून गेले. आई म्हणाली, "ठी दे तो फोन." तिनेच काढून भिंतीवरच्या फळीवर ठेवला.

अक्का म्हणते खोके विकून टाक. दिल्लीवाला परत घेत नाही, एक महिना उलटून गेला. आई म्हणते विकू नको. मग म्हणते, घरात नको. दोन्ही एका दिवशी म्हणते.

१३ एप्रिल, रविवार

डोंगर चढणाऱ्या लोकांच्या एका ग्रुपवर जाहिरात लिहिली होती. पुण्याच्या एका मुलीचा फोन आला. ती दर हिवाळ्यात हिमालयात जाते. तिने लांबी, रुंदी, कडकपणा, सगळे विचारले. मला सगळे पाठ होते. ती म्हणाली, "दोन वर्षं शोधतेय मी. माझे पाय मोठे आहेत आणि वजन काहीच नाही. मुलींच्या फळीत बूट मावत नाही, मुलांची फळी माझ्याने वळत नाही. ही तुम्हाला कुठे मिळाली?"

फळी द्यायची तर वजन विचारणे भाग होते. विचारले. तिने सांगितले. मी म्हटले, मग ही तुम्हाला बरोबर आहे.

"नक्की?"

"नक्की. मी तपासून घेतली आहे."

"तुम्ही स्वतः चालवता?"

"नाही. भावासाठी घेतली होती."

"अच्छा. लहान आहे का?"

"नाही. मोठा," मी म्हटले.

मला वाटले ती काहीतरी विचारेल. मग म्हणाली, पैसे आत्ताच पाठवते. खोके संध्याकाळी पार्सलला दिले. न उघडलेलेच गेले. भाऊने पाहिले नाही, मग मी पाहून काय करू?

आजपर्यंतचा हिशोब लिहून ही वही बंद करतो.

खर्च: फळी ५८,०००. पट्ट्या १३,५००. दिल्लीहून खोके आणणे १,८००. सोलंगला जाणे, दोघांचे येणे, नरडाण्याहून गाडी ९,४६०. धुळ्याचे येणे-जाणे, तपासण्या, फळे ११,२१५. ४ मार्चपासून तेराव्यापर्यंत १८,३००. एकूण १,१२,२७५.

जमा: पुण्याहून ५०,०००.

देणे: जीवरामशेठ २०,०००, मेपासून पगारात कापायचे. अक्का १२,०००, ती मागत नाही. भाऊ १५,०००. हे त्याने डिसेंबरात मोबाईलवर पाठवले होते, सोबत लिहिले होते, फळीत माझा वाटा.

ही शेवटची रक्कम कोणाला द्यायची, असे आईला विचारले. तिने मला ती ओळ दोनदा वाचायला लावली. म्हणाली, "खोडू नको. त्यानं नाव तठेच ऱ्हाऊ दे."

एकूण देणे ४७,०००.